मधल्या घराचा डबा

“डबा बंद करू नका हं, पुढच्या घरांचं इंटरनेट तुमच्याच छपरावरून जातं,” असं छपरावर इंटरनेटचा डबा बसवणारी मुलगी घरोघरी बजावून गेली होती. वाडीला टॉवर नव्हताच; एका डब्याकडून दुसऱ्याकडे असंच इंटरनेट शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. नव्या कायद्यानं डबा ज्याच्या त्याच्या मालकीचा, तो चालू ठेवायची सक्ती कुणावर नाही. सरपंच इंदुमतीकडच्या हळदीकुंकवाचं बोलावणं राहिलं, म्हणून मधल्या घरातल्या शेवंतानं आपला डबा बंद केला.

शेवटच्या घरातले तात्या धापा टाकत इंदुमतीच्या अंगणात आले. “अगं, दुपारी डॉक्टर पडद्यावर तपासणार मला. दमा काही थांबायचा नाही. तू सरपंच ना? दटाव तिला!”

“कसली दटावते, तात्या! रुसायचा हक्क तेवढा दिलाय कायद्यानं सगळ्यांना!” इंदुमती कातावली. मग हळूच म्हणाली, “दुपारच्या आत चालू होईल. शब्द देते.”

तिनं कुंकवाचा करंडा उचलला आणि शेवंताच्या घराकडे निघाली.