दोन अक्षरांचं कुलूप

"काय बी विचार पोरी, पण यांचं नाव घ्यायला लावू नको."

मनाली लग्न होऊन दिंडोरीच्या मळ्यात आली, त्या पहिल्या दिवशी ऐकलेलं सासूबाईंचं, सगुणाबाईंचं, ते वाक्य. सासऱ्यांचं नाव पुंजा. वीजबिलावर छापलेलं, पंपाच्या खोलीवर रंगवलेलं. फक्त सगुणाबाईंच्या ओठांवर पन्नास वर्षांत कधी आलं नव्हतं.

आणि आज त्याच सगुणाबाई ओसरीवर बसून फोनवर परक्या माणसाला विचारत होत्या, "नावच पायजे का?"

मनालीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

त्या फोनमध्ये सगुणाबाईंच्या ओव्या होत्या. आईच्या मांडीशी बसून जात्यावर शिकलेल्या, एकशे बारा. मनालीनं खातं काढून दिलं होतं आणि द्राक्षाची विरळणी आटोपली की त्या एकेक गाऊन टाकत. कुठल्या कुठल्या मुलखातून लोक लिहीत, 'आजी, अजून एक.' जातं कधीचं परसात उलथं पडलेलं. ओव्या उरल्या होत्या त्या एवढ्याच.

खातं काढताना फोननं एक गुप्त प्रश्न निवडायला सांगितला होता; त्याचं उत्तर म्हणजे खात्याचं कुलूप. मनालीनं घाईघाईत यादीतला पहिलाच निवडला: पतीचं नाव. मग तिनं जीभ चावली.

"आत्या, तुम्हीच लिहा बोटानं. मी बघत नाही. अन् कोणाला सांगायचं नाही हं, मलासुद्धा."

तिनं तोंड फिरवलं. बराच वेळ गेला.

"झालं?"

"झालं की. दोनच तर अक्षरं." सगुणाबाई परकरी पोरीसारख्या हसल्या होत्या.

सगुणाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. आताही तो माणूस अंगणभर बोलत होता.

"आजी, संध्याकाळी खातं बंद पडणार. सगळी गाणी पुसली जातील. पतीचं नाव सांगा, लगेच चालू करून देतो."

"पुसली जातील? समदी?"

"समदी."

मनाली धावली. "आत्या, सांगू नका! चोर आहे तो!"

सगुणाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. डोईवर पदर घेतला. बागेत फवारणी चालली होती, तिकडे एकवार पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"द्राक्षाच्या येलीला तारेचा आधार,
पुंजारावांच्या जोडीनं केला सुखाचा संसार!"

मनालीला वाटलं, गेल्या ओव्या.

बागेतून सासऱ्यांची हाक आली, "मला कोणी बोलावलं का गं?"

"नाय, नाय! तुमचं चालू द्या!"

फोनमधला माणूस पुटपुटत होता. "पुंजाराव... नाही घेत. नुसतं पुंजा? तेही नाही. आजी, आडनाव लावून बघू का?"

"बघ बाबा. पन देवाशप्पथ तेच नाव हाय. साऱ्या गावाला विचार."

तेवढ्यात फोन थरथरला. मनालीनं वाकून वाचलं: तीन वेळा चुकीचं उत्तर. आता दुसऱ्या फोनवरून हे खातं उघडणार नाही.

त्या माणसानं एक शिवी हासडली आणि फोन कापला.

"आत्या! खोटं सांगितलंत त्याला?"

"खोटं कशाला? यांचं नाव तर पंपाच्या भिंतीवर बी हाय. ते सांगितलं म्हणून माझं काय गेलं?"

"मग कुलपाला लिहिलंत तरी काय?"

सगुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं सगुणा लिहिलं. त्याच्या आदी आई माज्या माहेरच्या नावानं नदीवरनं हाक मारायची. त्या नावानं मंग कोणीच नाय मारली."

"राहू द्या, आत्या. मलासुद्धा सांगायचं नाही ठरलंय ना."

"तुझ्यापुरतं ऐक."

त्यांनी मनालीला जवळ ओढलं आणि ओवी उचलावी तसं हलकेच म्हणाल्या, "लंका."