गुरुजींची स्टेप

पडद्यावर नायकाच्या बापाला सरणावर ठेवलं होतं आणि नायक नाचत होता.

पूनमसिंग गुरुजींनी नाक मुरडलं. बापाच्या चितेपुढं नाच! आधीच्या सिनेमात दवाखान्यात नाच होता, त्याच्या आधीच्यात पोलीस ठाण्यात. डान्समास्तर डायरेक्टर झाला की दुसरं काय होणार, माकडाच्या हाती कोलीत. कपिलचा हा पाचवा सिनेमा. गुरुजींनी पाचही पाहिले होते, पुसदला, पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला. दर वेळी किळस यायची आणि दर वेळी ते तिकीट काढायचे.

कारण पाचही सिनेमांत ती स्टेप होती. टाच आपटून पाऊल पुढे, अर्धी गिरकी, मग वाकून गुडघ्याजवळ टाळी. ती गुरुजींची होती.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी ती बसवली, तिच्यावर यवतमाळहून जिल्ह्याचं पहिलं बक्षीस आणलं. हयात गेली भूगोल शिकवण्यात, पण लोक ओळखत ते त्या स्टेपमुळे. आणि आता पोरं मोबाईलवर तिला 'कपिल स्टेप' म्हणत होती. शेजारची आठ वर्षांची समीक्षा तर परवा ती गुरुजींनाच शिकवायला निघाली होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"डावा पाय टाकला, पाह्यलं?" ते शेजारी बसलेल्या बायकोला, रुखमाबाईंना म्हणाले. "पाचही सिनेमात डावा. चोर पायावरून सापडते."

रुखमाबाई पडद्याकडेच पाहत राहिल्या. त्यांच्या पायातली जोडवी अंधारात हलकेच वाजत होती. गुरुजींना त्याचाही राग आला.

गुरुजींचा पाय उजवा. तिथं ते कुणाला माफ करत नसत. समोर तोंड करून शिकवलं की आरशासारखं उलटं होतं, मास्तरचा उजवा पाहून पोरं आपला डावा टाकतात. म्हणून ते मुलांकडे पाठ करून शिकवायचे. तरीही तांड्यावरच्या पोरी हटकून डावाच टाकायच्या आणि त्यांच्या नडगीवर गुरुजींची पट्टी बसायची. कपिलही तांड्यावरचाच, रुखमाबाईंच्या माहेरचा. त्याला तर तिसऱ्याच दिवशी नाचातून हाकललं होतं. मग तो खिडकीबाहेर उभा राहून तालीम बघायचा. खिडकी नेमकी नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर. समोरून चोरलं, म्हणून उलटं चोरलं. याहून चोख पुरावा कोणता असणार?

खेळ संपला की थिएटरातच कपिलचा सत्कार होता. तिथं सगळ्या गावादेखत त्याला चोर म्हणायचं, हे गुरुजींनी ठरवलं होतं. खिशात बक्षिसाच्या बातमीचं कात्रण होतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. जाऊ द्या, लेकरू आहे, असं रुखमाबाईंनी सकाळी एकदा म्हणून पाहिलं होतं. माहेरचा म्हणून पुळका, असं बोलून गुरुजींनी त्यांना गप्प केलं.

दिवे लागले. कपिल पडद्यासमोरच्या ओट्यावर आला. काळा चष्मा, गळ्यात तीन हार. आमदारांच्या माणसानं दोन शब्द बोलतो म्हणून दहा मिनिटं खाल्ली. मग गुरुजी उठले, सरळ ओट्यावर चढले आणि माईक हातात घेतला.

त्यांनी सगळं सांगितलं. कात्रण दाखवलं, खिडकी सांगितली, डावा पाय सांगितला. स्टेप कशी सुचली तेही सांगितलं, कारण ती गोष्ट ते कुठंही आवडीनं सांगत: लग्नानंतरची पहिली होळी, सासुरवाडीचा तांडा, नव्या जावयाला अंगणात मानाची बाज, पुढं बायांचा लेंगी नाच रंगलेला, आणि बसल्या बसल्या वीज चमकावी तशी स्टेप डोक्यात आली. घरी ही गोष्ट सुरू झाली की रुखमाबाई चहा ठेवायला उठायच्या. इथं उठून जायला जागा नव्हती.

कपिलनं चष्मा काढला.

"गुरुजी, मी कोणाजवळून शिकलो, सांगू का?"

बोलता बोलता त्याची नजर खाली रुखमाबाईंकडे गेली. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. कपिल वाकून गुरुजींच्या पाया पडला.

"चुकलं माह्यं. तुमचीच हाय."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून शिट्ट्याही आल्या. इतक्या वर्षांचं गुरुजींच्या पोटातलं कडू एका क्षणात उतरलं. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबावंसं वाटत नाही.

"हिच्यासमोर सुचली मले, हिले विचारा," असं म्हणत त्यांनी रुखमाबाईंना हाताला धरून ओट्यावर आणलं. या डायरेक्टरला एकदा खरा पाय दाखव, म्हणाले. रुखमाबाईंनी राहू द्या म्हटलं, पुन्हा राहू द्या म्हटलं. गुरुजी ऐकेनात. गाव बघत होतं.

मग रुखमाबाईंनी पदर कमरेला खोचला.

टाच वाजली. साठीची बाई अर्धी गिरकी घेऊन वळली, वाकली, गुडघ्याजवळ टाळी पडली. पाचही सिनेमांत कुणाला साधलं नव्हतं इतकं ते सहज होतं. कपिल खाली मान घालून उभा होता.

"डावा नाही," गुरुजी माईकवर म्हणाले. "उजवा. उजवा टाक."

रुखमाबाईंना धाप लागली होती. त्यांनी पदर सोडून नीट केला आणि पहिल्यांदाच नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"आमच्या तांड्यात डावाच टाकतेत," त्या म्हणाल्या. "मी नाचून राह्यली होती, अन् तुमी समोर बाजेवर बसले होते."