चार माणसांची भाजी

"मेथीत दाण्याचा कूट किती घालतेस, ते नीट आठवून सांग," सत्यजीत कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला. "अंदाजपंचे नको."

"भाजी बघून घालते," त्याची आई साळूबाई म्हणाली. ती स्टुलाच्या कडेला अवघडून बसली होती.

"बघून म्हणजे?"

"बघून म्हंजी बघून. हाताला काय तोंड हाय का बाबा सांगायला?"

सत्यजीतनं कपाळाला हात लावला. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचा मान जावयासारखा होता. त्याला क्रोशाचा रुमाल, त्याला वेगळं टेबल, आणि तो बोलेल ते खरं. सत्यजीतला सणसवाडीच्या कंपनीतल्या एका मित्रानं आहाराच्या प्रोग्रॅमची सीडी दिली होती. घरातला एकेक पदार्थ त्यात भरून ठेवायचा, जेवणारी माणसं किती ते सांगायचं, की कुणाच्या पोटात किती लोह गेलं ते पडद्यावर येई. खटाटोप सगळा आईसाठी होता. तिची गर्भाची पिशवी काढायची होती आणि रक्त काही वाढत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला सत्यजीतनं ऐटीत कागद पुढं केला, "खाणं पुरेपूर आहे, हे बघा." डॉक्टरांनी कागद पाहिला, मग साळूबाईची पापणी खाली ओढून पाहिली. "मग तुमच्या कागदातच खोट आहे," ते म्हणाले. "असंच राहिलं तर मी चाकू लावणार नाही. जिवाशी खेळ होईल."

खोट आईच्या मापातच असणार, याबद्दल सत्यजीतला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून आज भरून ठेवलेला एकेक पदार्थ उघडून तो नव्यानं दुरुस्त करत होता. मेथी झाली, तांदुळजा झाला, मटकीची उसळ झाली. उत्तर दर वेळी चांगलंच येई, आणि तो चिडत चालला.

"जेवणावर चहा पितेस ना चोरून? डॉक्टर नको म्हणाले होते!"

"न्हाई रं, देवाशपथ न्हाई." बिचारी चोरी पकडल्यासारखी कावरीबावरी झाली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं पडद्यावर बोट ठेवलं. चौथीपर्यंत शिकलेली होती, आकडा वाचता येत होता. "हे चार कोण?"

"आपण चौघं. आप्पा, मी, सायली आणि तू."

"मला कशाला धरलंस त्यात?"

सत्यजीतनं पहिल्यांदा मान वळवली. "म्हणजे?"

"आरं, सकाळी तुझा आन् सायलीचा डबा जातो. मग आप्पा जेवत्यात, त्येंना भाकरीसंगं कोरड्यास भरपूर लागतं. रातच्याला बी तुम्ही तिघं आधी बसता. मी आपली मागनं. राहिलं तर राहिलं."

"आणि नाही राहिलं तर?"

"कढईत भात फिरवते की. तेल-मीठ लागलेलं असतंय, ग्वाड लागतो."

सत्यजीतचा हात माऊसवर तसाच राहिला. काल मटकीची उसळ झकास झाली होती. त्यानं "अजून आहे का गं?" म्हणून दोनदा मागितली होती आणि "हाय की, खा पोटभर," म्हणत तिनं दोन्हीदा वाढली होती. आईची वाटी त्यानं खाल्ली होती, वर ती आईच्याच नावावर लिहून डॉक्टरांना दाखवायला निघाला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"चुकलं का रं माझं?" साळूबाई घाबरून म्हणाली. "भाजीत काय काय घालते ते तू इचारलंस, ते सांगितलं. कुणाच्या ताटात किती जातंय ते कुठं इचारलंस? आन् डॉक्टरास्नी नगं सांगू हां हे. म्हणतील, घरची माणसं हिला जेवाय घालत न्हाईत."

खाटेवर पेपर वाचत पडलेल्या साळूबाईच्या नवऱ्यानं, हौशीराम आप्पानं, पेपर खाली केला नाही. पण पानही उलटलं नाही.

"सायली, ताट वाढ," सत्यजीत कसाबसा बहिणीला म्हणाला. "आज आई आधी बसेल."

हो-नाही करता करता साळूबाईला पाटावर बसवलं. सायलीनं ताटात भाजी चांगली ढीगभर वाढली. तिघं समोर बसून राहिली. साळूबाईनं घास मोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"उठा बाई हितनं सगळी," ती मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही उपाशी आन् मी खाती. घास उतरंना. लाज वाटती मला."

मग काय, तिघं निमूट उठली आणि बाहेर आली. सायलीनं मागं दाराचा पडदा ओढून घेतला. पायरीवर तिघं उभी राहिली, एकमेकांकडं न बघता. आतून भाजीचा वास येत होता. पोटात कावळे ओरडत होते.

शेजारच्या क्वार्टरची वच्छलाबाई दोरीवरचे कपडे काढत होती.

"आज सगळीच दारात?" तिनं हसत विचारलं. "आन् साळूबाई कुठं हाय?"

हौशीराम पायातल्या चपलेकडं बघत राहिला.

"जेवतीय," तो हळूच म्हणाला.

"आन् तुमची झाली जेवणं?"

"न्हाई अजून."

वच्छलाबाईचं हसू मावळलं. हातातले कपडे दोरीवर तसेच टाकून ती लगबगीनं कुंपणापाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आगं बाई! लईच वाढलं व्हय तिचं दुखणं?"