गाडीत लावायची सात गाणी

"निरोपाची यादी हवीये," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळच्या आत."

तिने तोंड वाकडं केलं. चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत तिचं काम एवढंच होतं: गिऱ्हाइकाचा प्रसंग ऐकायचा आणि जुनी प्रेमगीतं निवडून, क्रम लावून द्यायची. मागणी घालायची यादी, रुसवा काढायची यादी, लग्नाच्या वाढदिवसाची यादी. निम्म्या गाण्यांत दारावरच्या बेलसारखा टिंगटिंगणारा सिंथेसायझर, उरलेल्यांत दारात बोट चेमटल्यासारखा बोंबलणारा गायक. असल्या गाण्यांवर जीव टाकायचा आणि वर त्यांची यादीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यायची! तिला या लोकांची शिसारी यायची.

घरी तिने हे कधी सांगितलंच नव्हतं. ती मोठ्या हॉटेलांसाठी शांत संगीत निवडते असं नवऱ्याला वाटायचं. ते कामही ऑफिसात होतं, पण ते पलीकडच्या टेबलावरचा करायचा; याद्यांचा धंदा नुसता फोनवर, वेगळ्याच नावाने चालायचा.

साहेबांनी फोनवर ऐकलेलं सांगितलं. गिऱ्हाइकाला बायकोपासून वेगळं व्हायचंय. बॅगही भरून झालीये. पण बोलायला गेलं की ती खिल्ली उडवते, मग हा गप्प बसतो. आज नाही जमलं तर पुन्हा कधीच जमणार नाही म्हणतो.

"शेळपट मेला," ती म्हणाली. "आणि ती कशी आहे?"

"स्वतःला फार शहाणी समजते म्हणे. कुणाबद्दल म्हणून चांगलं बोलायची नाही. गाणी आवडत नाहीत म्हणते, पण एखादं मनाला लागलं की खिडकीबाहेर बघत बसते."

"म्हणजे ढोंगी. शोभतात एकमेकांना."

तिला ती बाई डोळ्यांसमोर दिसायला लागली. नवरा बॅग भरतोय आणि हिला पत्ता नाही! डोळे आहेत की शर्टाची बटणं? असल्या बायकांना शेवटच्या दिवशी धक्का बसतो, आणि मग त्या जगाला विचारत सुटतात, माझं काय चुकलं म्हणून.

पण काम ते काम. त्यात ती कुणाला हार जायची नाही. पहिलं गाणं तिने मुद्दाम बावळट निवडलं, नुसती टिंगटिंग. बाई हसेल, हसली की बेसावध होईल. मग दोन गोड गाणी, जुने दिवस आठवायला. चौथ्यात गायक गयावया करतो, पाचव्यात गयावया थांबवतो. सहावं नुसतं दमलेलं. सातव्यात आवाज चढत चढत जातो, एकदम सगळं थांबतं, आणि मग ड्रम कोसळतात.

तिने यादी एकदा पूर्ण ऐकली. सातव्या गाण्याला ती उठून खिडकीशी गेली आणि खाली रस्त्यावर लावलेल्या स्कूटरींकडे बघत राहिली. गाणं संपल्यावर घसा खाकरून तिने एसी फार वाढवलाय म्हणून पलीकडच्या टेबलाला झापलं.

"त्याला म्हणावं, गाडीत लाव," तिने साहेबांना सांगितलं. "घरात ती उठून चालती होईल. चालत्या गाडीतून कुठे जातेय? तिच्याकडे बघायचं नाही, समोर बघायचं. आणि शेवटच्या गाण्यात सगळं थांबतं ना, तिथे बोलायचं."

साहेब जरा घुटमळले. बिचारीची दया येते म्हणाले.

"मला नाही येत. जिला घरातलं माणूस कळत नाही, तिला असंच कळायला हवं."

साहेबांनी यादी पाठवली. थोड्या वेळात गिऱ्हाइकाचा निरोप आला: पहिल्यांदाच वाटतंय की जमेल. ती नाक मुरडून पुढच्या कामाला लागली, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या.

ऑफिस सुटल्यावर ती खाली आली तर नवरा गाडी घेऊन उभा. घ्यायला येईन म्हणाला होता खरा, पण तो म्हणतो आणि विसरतो, म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," ती आत बसत म्हणाली. शर्टला इस्त्री नाही, काचेवर धूळ, सगळं तिने एका दमात ऐकवलं. मागच्या सीटवर मोठी बॅग दिसली. "आता ही कुठली टूर? ऑफिसवाल्यांना तुझ्याशिवाय दुसरं गाढव मिळत नाही का?"

त्याने पट्टा लावला, गाडी हमरस्त्याला घेतली, वेग धरला आणि मग हात पुढे करून बटण दाबलं.

दारावरच्या बेलसारखा सिंथेसायझर टिंगटिंगला. नवरा समोर बघत होता.