फ्रीजरमधला स्टोव्ह

"अगं, बर्फात असले स्टोव्ह पेटत नाहीत. ट्रेकला जाऊ नकोस," दुकानात ह्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. खरी काळजी वेगळीच होती. चाळीस वर्षांत ह्यांनी स्वतःचा चहा कधी केला नव्हता.

मी एक छोटा स्टोव्ह निवडला आणि त्याचा गॅसचा डबा शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये तासभर ठेवायला लावला. बाहेर काढल्यावर दुकानदार पेटवत राहिला, ज्योत काही टिकेना. हे खूश.

"मग राहू दे," मी पडेल आवाजात म्हणाले. "हे कुणालाच जमायचं नाही."

कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला ते सहन होईना. "कुणालाच म्हणजे?" म्हणत ह्यांनी गारठलेला डबा काखेत धरला, थोड्या वेळाने स्टोव्हला जोडला आणि पेटवला. ज्योत ताठ उभी राहिली. माझ्या पिशवीत पातेल्यापासून चहापुडीपर्यंत सगळं तयार होतं. "आता चहा उकळतो का बघा," म्हटलं. दुकानाच्या पायरीवर बसून ह्यांनी तोही केला.

मी घोट घेतला. आलं कमी होतं, बाकी झकास.

"स्टोव्ह बांधून द्या," मी दुकानदाराला म्हणाले. "आणि अहो, घरचा गॅस काखेत धरावा लागत नाही. पंधरा दिवस जमेल तुम्हाला."