वाऱ्याचं बळ

नौदलातून परतलेली सुकेशनी येलदरी धरणावर जुनी कॅटमरान, म्हणजे दोन नावा जोडलेली शिडाची होडी, विकत घ्यायला आली. गावच्या पोरींना ती होडी चालवायला शिकवणार होती. झरीहून सोबत आलेली माय, चांगुणाबाई, पाण्याला भिऊन नकोच म्हणत होती. "इंजन कुठंय?" तिनं विचारलं. "न्हाई, माय. वाऱ्यावर चालती." "कायबी सांगू नको." तरी लेकीचा हात धरून ती बसली. मालक दिनकररावांनी होडी ढकलली. सुकेशनीनं दोरी ओढली, तसं शीड फुगलं आणि होडी आवाज न करता धावायला लागली. चांगुणाबाई शिडाकडं बघतच राहिली. "माघारी वळवू का?" लेकीनं विचारलं. "चाळीस वर्षं ह्याच वाऱ्यात लोकांच्या खळ्यावर जवारी उपणून भुस्कट उडवलं," माय हळूच म्हणाली. "एवढं बळ हाय त्यात, ठावं न्हवतं." तिनं हात पुढं केला. "घेऊ ही होडी. दोरी दे."