पिवळा बलक

कोलेस्टेरॉलचा आकडा कळल्यापासून टेलरमास्तरांच्या घरात डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती. रोज सकाळी तीन अंडी उकडायची. पांढरं मास्तरांच्या ताटलीत, पिवळे बलक बाजूला. दुधावरची साय बाजूला, कोंबडीची कातडीसुद्धा बाजूला. बाजूला काढलेलं जातं कुठे, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. बायकोला अन्न टाकवत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

वर्षभराने रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. "वा मास्तर! रक्त अगदी पंचविशीतल्या पोराचं! आता वहिनींचंही तपासून टाकू या का?"

"मला काय धाड भरलीय?" बायको हसली. "यांच्या पथ्याने उलट मीच गुटगुटीत झालेय."

येताना मास्तरांनी आठवड्याची अंडी घेतली. इमारतीची लिफ्ट बंद होती. पिशवी सांभाळत, शीळ घालत ते तिसऱ्या मजल्यावर पोचलेसुद्धा. किल्ली बायकोकडे होती. बराच वेळ झाला तरी ती येईना, तेव्हा कुरकुरत ते परत खाली उतरले.

पहिल्याच मजल्याच्या पायरीवर ती बसली होती. कपाळ घामाने डबडबलेलं, उजव्या हाताने डावा दंड चोळत होती.

"अगं, काय झालं?"

"काही नाही हो. पिशवीच्या ओझ्याने हात भरून आलाय."

अंड्यांची पिशवी अजून मास्तरांच्याच हातात होती.